उतरायची वेळ

धाकटीचं तिकीट मीच काढलं. लोकांना विमानात बसवायचं दुकान बावीस वर्षं चालवतेय. सख्ख्या बहिणीला नवऱ्याच्या तावडीतून सोडवायला आणखी कुणाच्या पाया पडू? विमान सकाळी दहाला सुटणार, अकरा दहाला उतरणार. तिथं तिची मैत्रीण गाडी घेऊन उभी राहणार होती. एकदा धाकटी विमानतळाबाहेर पडली, की परदेशातल्या त्या एवढ्या मोठ्या शहरात मेहुण्याच्या बापालाही सापडली नसती. म्हणून मी मनाशी पक्कं केलं होतं, सव्वाबारापर्यंत तोंड उघडायचं नाही.

मेहुणा साडेअकराला दुकानात आला. मालवाहतुकीचा धंदा त्याचा, देशोदेशी माणसं. आठला तिला विमानतळावर सोडल्याचं टॅक्सीवाल्यानं त्याला सांगून टाकलं होतं. आत येऊन त्यानं शटर खाली ओढलं आणि काही न विचारता माझं डोकं टेबलावर आपटलं. मग विचारलं, कुठे पाठवलीस. मी म्हटलं, मला काय माहीत. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात पडला. मेल्याचा हात चांगला बसलेला होता. सहा वर्षं धाकटीवर सराव केला होता ना. पोटात लाथ घातली, उजवी करंगळी मागे वाकवून मोडली. मी ओरडले, शिव्या घातल्या, त्याच्या बुटावर रक्त थुंकले, पण शहराचं नाव काही काढलं नाही. सगळा वेळ माझा डोळा घड्याळावर. फार दुखत होतं, खोटं कशाला बोलू.

सव्वाबारा वाजले आणि त्यानं दुसरं बोट धरलं. मी नाव सांगून टाकलं. आता कर काय करायचंय ते, असं मनात म्हटलं.

"किती लांब आहे?" त्यानं विचारलं.

दिवसातून पन्नास वेळा हाच प्रश्न ऐकते. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अठराशे किलोमीटर. दोन तास चाळीस मिनिटं."

बोलले आणि मनात हिशेब जुळेना. दहा अधिक दोन चाळीस, म्हणजे बारा चाळीस. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिकिटावर उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची छापतात, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते, आणि स्वतःच्या बहिणीच्या वेळी माझीच अक्कल चरायला गेली.

त्यानंही मनात गणित केलं.

"आठला आत गेली, म्हणजे दहाच्या आधी उडाली नसणार. अजून हवेतच आहे," तो म्हणाला आणि तिथल्या माणसाचा नंबर शोधायला त्यानं मोबाइल काढला.

कागदांना भोकं पाडायचं लोखंडी मशीन टेबलावर होतं. ते मी डाव्या हातानं उचललं आणि त्याच्या कानशिलावर घातलं. तो गुडघ्यांवर आला, पण मोबाइल सोडेना. म्हणून परत घातलं. नंबर लागता कामा नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मोबाइल हातातून पडल्यावरही मी थांबले नाही. का, ते मला विचारू नका. थांबले तेव्हा त्याचा श्वास बंद पडला होता.

एक वाजून गेल्यावर धाकटीचा फोन आला. मैत्रिणीच्या गाडीतून बोलत होती. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलंही नाही, म्हणाली, आणि चक्क हसली. सहा वर्षांत तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

"ताई, तू कधी येतेस?"

मी खाली त्याच्याकडे पाहिलं.

"बघू गं," म्हटलं, "आधी तू पोटभर जेव." मग फोन ठेवला, पोलिसांना लावला आणि शटर उघडायला उठले.