पोथी इथं मिटायची न्हाई

त्या दुष्काळात केजजवळ आमच्या सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. दहावीची परीक्षा आटोपली आणि आप्पांनी मला दोन बैल, एका गाईसोबत तिथं नेऊन बसवलं. मी पिशवीत एकच पुस्तक टाकलं होतं, तीन भागांच्या कादंबरीतला मधला भाग. एका जादूगारानं नदी चोरून पाताळात नेलीय आणि निरी नावाची पोरगी तिच्यामागे उतरलीय, अशी गोष्ट. तिसरा भाग अजून छापलाच नव्हता.

शेजारच्या खोपीत छबुमावशी होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. "काय वाचतीस गं? आमाला बी ऐकव की," त्या म्हणाल्या. माझ्या कपाळावर आठी आली. मोठ्यानं वाचायचं म्हणजे पानं सरत नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी त्या जादूगाराला "मुडदा बशिवला त्याचा" म्हणाल्या, आणि मला वाचायला मजा यायला लागली. असे दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी सकाळी त्यांच्या लेकीला, साखराला, कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण, त्यासाठीच ती आईपाशी आलेली. मावशींचे भाऊ बंकटमामा तिला जीपमधून केजला दवाखान्यात घेऊन गेले. जनावरांपाशी दुसरं माणूस नाही, म्हणून मावशी छावणीतच राहिल्या. दुपारी म्हणाल्या, "वाच बाई तू. माजं कशात मन लागंना."

शेवटची वीस पानं राहिली होती, ती वाचली. निरी भुयारात शिरली, वरून मोठा धोंडा सरकला आणि अंधार झाला. संपलं. मी पुस्तक मिटलं.

"कावून मिटलं?"

"संपलं मावशी. पुढचं तिसऱ्या भागात."

"पोर धोंड्याखाली अन तू पोथी मिटतीस?"

आमच्याकडे पोथी वाचताना कुणी वनवासात किंवा संकटात असेल तर तिथं थांबत नाहीत. सुटका होईस्तोवर वाचायचं, मग उदबत्ती लावायची. हे मलाही ठाऊक होतं. पण ही पोथी होती का? मी हसले. "मावशी, ही बनवलेली गोष्ट हाय. मधला भाग असाच संपवत असतेत."

त्या हसल्या नाहीत. "माजी लेक तिकडं अडलीया. ह्या घडीला पोरीला आत ठिवून मिटू नगं. पाया पडते तुज्या."

माझ्या आईच्या वयाची बाई माझ्या पाया पडते म्हणाली, याची मला लाज वाटली आणि रागही आला. लेखकाला मी मनात चार शिव्या घातल्या. मग पुस्तक उघडलं, शेवटचं पान उलटलं आणि वाचल्यासारखं बोलू लागले. "तेवढ्यात एक म्हातारी आली. तिनं धोंड्याला हात लावला..."

मावशी वाकून बघत होत्या. अक्षर येत नसलं तरी पान कोरं आहे एवढं कुणालाही दिसतं. मी थांबले आणि पान हातानं झाकलं.

"थांबू नगं," त्या म्हणाल्या. "पर एकटी म्हातारी कशी हालवंल? चार जणी घे. पहार दे त्यास्नी."

मी चार जणी घेतल्या. पहार दिली. धोंडा जरासा उचलला आणि मावशींच्या कमरेचा मोबाइल वाजला. बंकटमामांचा होता. मी वाचायची थांबले.

"उचला की मावशी!"

त्यांनी मोबाइल मुठीत घट्ट धरला. "आदी पोरीला भायेर काड."

तो वाजत होता. माझी जीभ अडखळली. "चौघींनी जोर लावला, निरीचा हात दिसला, तिला धरून वर ओढली, ती उजेडात आली, तिनं श्वास घेतला, जिवंत हाय, मावशी, जिवंत हाय!"

तेव्हा कुठं त्यांनी मोबाइल कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मलाही आता लई भीती वाटत होती.

"हां," त्या म्हणाल्या. "हां. रडू नगंस." मग माझ्याकडं वळल्या. डोळ्यांतून धार लागली होती.

"साखराच बोलतीया," त्या म्हणाल्या. "सोता."