काकवीची जेली

आबांना, माझ्या वडिलांना, घास देण्याआधी तो मी आजही बोटानं दाबून बघते. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली, गळाही अर्धा निकामी झाला. साधं पाणी श्वासनलिकेत जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पाण्याची जेली करून द्या, पण जिभेनं दाबताच मोडेल अशी. तीन महिने मी रोज सकाळी कळसला घरी चायना ग्रासची जेली करायची आणि मग बारामतीला प्रयोगशाळेत जायची. तिथंही काम तेच. जेल दाबायचं आणि कधी तुटतं ते बघायचं.

त्या दुपारी आईचा फोन आला.

"सई, सकाळची संपली म्हनून मीच केली. लई झ्याक झालीया! बोटानं दाबली तरी मोडत न्हाय, उसळून वर येती."

मी विचारलं, "पाणी किती घातलंस?"

"निम्मं पाणी, निम्मी काकवी. जन्म उसात गेला त्यांचा, आन् तीन महिनं बिनचवीचं गिळत्यात. आता भरवते."

"आई, नको!"

फोन बंद झाला होता. आपलं बोलून झालं की ठेवून द्यायचा, ही तिची जुनी खोड.

समोर माझंच चायना ग्रासचं, निम्मं पाणी निम्मं ग्लिसरीन घातलेलं जेल पडलं होतं. नुसत्या पाण्यातलं जेल दाबलं की फटकन फुटतं. पाण्यात ग्लिसरीन किंवा साखर मिसळली की आतली जाळी बारीक विणली जाते. ती वाकते, ताणली जाते, पण तुटत नाही. असा घास आबांच्या गळ्यात अख्खाच अडकला असता. चार वर्षं यावर डोकं फोडत होते आणि घरात एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मोठी शहाणी!

फोन लावत राहिले. कुणी उचलेना. स्कूटी काढली. वाटभर उसाच्या ट्रॉल्या, बाजूला सरतील तर शपथ. मला सारखे आबांचे निळे पडलेले ओठ दिसत होते. रडत, शिव्या देत मी घर गाठलं.

आबा खुर्चीत, मान खाली घालून. आई वाटी घेऊन रडत होती. "एकच घास दिला गं. तवापासनं तोंडच उघडंनात."

मी त्यांच्या गालात बोट घातलं. तुकडा निघाला, अख्खा, कुठंही न मोडलेला. आबांनी तो गिळलाच नव्हता. इतका वेळ चोखत बसले होते.

तो मी वाटीच्या कडेला ठेवला. आबांनी वाटीकडं पाहिलं. जड जीभ ओढत, तीन महिन्यांत पहिल्यांदा ते बोलले.

"गोड."

आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.