दुसऱ्या सॉकेटातला प्रोसेसर

मी प्रोसेसर बोलतोय. पण पहिला नव्हे, दुसरा. एकाच मदरबोर्डवर दोन सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचा, होते. पहिल्यात माझा भाऊ, दुसऱ्यात मी. मुंबईतल्या एका कंपनीच्या सर्व्हरमध्ये आम्ही तीन वर्षं खांद्याला खांदा लावून राबलो. मग कंपनीने नवा सर्व्हर घेतला आणि आम्ही बोर्डासकट उल्हासनगरला, तोलाराम सेठच्या सेकंडहँड दुकानात येऊन पडलो.

दोन हजार सहा सालची गोष्ट. अंबरनाथ पूर्वेच्या शीलाताई कॉम्प्युटर जुळवून घ्यायला दुकानात आल्या. सोबत त्यांचे मिस्टर, भीमराव. ताई विठ्ठलवाडीच्या एका स्टुडिओत लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करायच्या. भीमरावांचा कारखाना बंद पडला, तेव्हा ताईंनी हिय्या करून स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. पहिलंच काम शेजारच्या पायलच्या मंगल परिणयाचं. पायल नवऱ्याबरोबर रविवारी मस्कतला निघणार होती. तिची बदलापूरची गंगूआजी अंथरुणाला खिळलेली, लग्नाला येऊच शकली नव्हती. शनिवारी आजीजवळ बसून दोघींनी मिळून लग्न बघायचं, एवढीच पायलची इच्छा. ताईंनी तिला शब्द दिला होता.

सेठनी काउंटरवर दोन पर्याय मांडले. एक नवीकोरी ड्युअल कोर, म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारे दोघे. दुसरे आम्ही, दोन वेगवेगळे अख्खे प्रोसेसर, जुने पण दणकट. भाव जवळपास सारखाच. भीमराव हळूच म्हणाले की नवीन घ्यावं, वीज कमी खाईल. ताईंनी ती चिप उलटसुलट करून बघितली. एवढ्याशा तुकड्यात दोघे मावतात, यावर त्यांचा विश्वासच बसेना. जुडी सोडून मेथी बघणारी बाई ती. डोळ्यांना दोन दिसतात तेच दोन, असं म्हणून त्यांनी आम्हाला पसंत केलं. मी असा फुललो म्हणता!

चारच दिवसांत माझी हवा गेली. सेठनी दिलेली विंडोजची सीडी टाकली, मशीन सुरू झालं, भावाकडे कामं येऊ लागली. माझ्याकडे एकही नाही. डोक्यावर पंखा फिरतोय, वीज खातोय आणि मी नुसता बसून. समोर पलंगावर भीमराव पेपर घेऊन बसायचे. दुपारपर्यंत तोच पेपर तीनदा वाचून व्हायचा. येणारे-जाणारे विचारायचे, काय साहेब, आराम का? ते हसून मान हलवायचे. त्या हसण्यामागचं दुःख घरात माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ताईंनी फिल्म तयार करायला लावली. भाऊ एकटाच धापा टाकत होता. पडद्यावरचा आकडा सव्वीस तास दाखवत होता, आणि पाहुण्यांची नावं टाकायची अजून बाकीच होती; ती टाकली की पुन्हा तेवढेच तास. ताईंचा धीर सुटला. तुमचं ऐकायला हवं होतं, हे आजच परत करून ड्युअल कोर आणू, असं त्या भीमरावांना म्हणाल्या.

ताईंनी मशीन बंद करून कॅबिनेट उघडलं. किती तापलंय ते बघायला स्वयंपाकघरातल्या सवयीने हात लावला. भाऊ तव्यासारखा तापलेला, मी जेमतेम कोमट. त्यांचा हात माझ्यावरच थांबला.

"अहो, हा दुसरा काम करतच नाहीये," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नसेल."

ताईंनी सेठना फोन लावला. सेठनी सीडीवरचं नाव वाचायला लावलं. सीडी होती विंडोज होमची. एका चिपमधले दोन कोर तिला चालतात, पण दोन सॉकेटांत दोघे बसवले तर ती एकालाच ओळखते. "गलती मेरी, ताई," सेठ म्हणाले. "चिप दोन दिली, सीडी एकाची दिली. अभी येतो." तासाभरात ते स्कूटरवरून प्रोफेशनलची सीडी घेऊन हजर.

ती टाकली आणि पडद्यावर कामाचे दोन आलेख उमटले. त्यातला एक माझा होता! मी आनंदाने तापलो.

ताई मात्र वळून पलंगाकडे बघत राहिल्या. "तुम्हाला पण मी काही सांगितलंच नाही ना," त्या म्हणाल्या. "बसा, आराम करा, एवढंच म्हणत राहिले."

"मला जमेल का?" भीमरावांनी विचारलं.

कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. यादीत त्यांची चूक कधी निघाली नव्हती. ताईंनी पाहुण्यांच्या नावांची यादी त्यांच्या हातात दिली. ते एकेक नाव सांगत गेले, काना-वेलांटी तपासत गेले. आम्ही दोघे भाऊ खालून रेटत होतो. शुक्रवारी दुपारी फिल्म तयार झाली.

शनिवारी डीव्हीडी भीमराव स्वतः बदलापूरला घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, पडद्यावर नातीने हार घातला तेव्हा गंगूआजीने डोळे पुसले, मग म्हणाली, जेवण काय होतं ते दाखवलंच नाही. ताई किती दिवसांनी पोटभर हसल्या.

त्याला तीन वर्षं झाली. परवा ताईंनी स्वतःसाठी नवा कॉम्प्युटर घेतला, ड्युअल कोरचा. ते पोर माझ्याहून चपळ आहे, वीजही कमी खातं. मला विचाराल तर तुम्ही तेच घ्या, मी रागावणार नाही. फक्त घेतल्यावर सगळ्यांपर्यंत काम पोचतंय ना, तेवढं बघा. आणि घरात कुणी नुसतं बसलेलं दिसलं, तर त्याला ऐतखाऊ म्हणायची घाई करू नका.

आमचं जुनं मशीन आता भीमरावांच्या टेबलावर असतं. चला, त्यांनी चष्मा लावला, बटण दाबलं. काम आलं.