गुडघ्यामागच्या शिरा

अन्नपूर्णा इंगळे मेहकर आगारात कंडक्टर होती. बावीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं काढली, त्यात पाय गेले. आधी डाव्या गुडघ्यामागं एक निळी रेघ उमटली, मग दोन्ही पोटऱ्यांवर लाल-जांभळ्या बारीक शिरांचं जाळंच पसरलं. खाकी सलवारीत ते कुणाला दिसत नसे. तिला रोज अंघोळीच्या वेळी दिसायचं आणि ती नजर काढून घ्यायची.

नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्यानंतर जानराव नावाच्या ड्रायव्हरसोबत तिनं चार वर्षं वरवट बकालच्या गाडीवर काम केलं. वरवट त्याचंच गाव. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. खामगावला गाडी लागली की तो आधी तिच्यासाठी बाकावर जागा धरायचा. "बसा मॅडम, दहा मिनिटं पायाले आराम द्या," म्हणायचा. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी वरवटच्या स्टँडवर चहा पिता पिता तो सरळच बोलला होता, "तुमी एकट्या, मी एकटा. सोबत राह्यलो तर काय बिघडते?"

"माह्या पोरीचं, काजलचं लग्न व्हायचं हाय अजून," एवढंच ती म्हणाली. महिन्याभरात त्यानं जळगाव जामोदला बदली मागून घेतली.

कारण खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सलवारीखाली होतं. असे पाय घेऊन या वयात कुणाच्या घरात जायचं, हा विचार तिनं कुणाजवळ बोलून दाखवला नाही.

काजल नर्स झाली, लग्न होऊन बुलढाण्याला गेली. यंदा दिवाळीला आईच्या पायांना तेल लावताना तिनं ते पाहिलं आणि तिचं काही ऐकलंच नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी पायांची सोनोग्राफी केली.

"आतल्या मोठ्या शिरा चांगल्या आहेत. या वरच्या बारीक शिरांत इंजेक्शन देता येईल. औषधानं शीर आतून चिकटते, मग हळूहळू नाहीशी होते. पुढं नवीन येणारच नाहीत, असं मात्र सांगत नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "दुखतात म्हणून करायचंय, की दिसतात म्हणून?"

अन्नपूर्णानं सलवार पोटऱ्यांवर ओढून घेतली. "दिसतात म्हणून," ती म्हणाली.

काजलनं मान वळवून आईकडं पाहिलं.

सुई केसासारखी बारीक होती. टोचल्यावर जरा जळजळायचं. डोळे मिटले की तिला जानरावची मान दिसायची. चार वर्षं त्याला जास्त करून पाठमोरंच पाहिलं होतं. नंतर घट्ट मोजे घालून लगेच अर्धा तास चालायचं. पहिल्या पंधरवड्यात शिरा उलट काळ्या पडल्या आणि ती घाबरली. पण तीन वेळा इंजेक्शनं झाली, चार महिने गेले, तेव्हा पोटऱ्यांवर फक्त फिकट तपकिरी डाग उरले होते.

शेवटच्या तपासणीनंतर काजल तिला बुलढाण्याच्या स्टँडवर सोडायला आली. "जानरावकाका रिटायर झाले म्हणे. गावीच राह्यतात," ती म्हणाली.

"तुले कोणं सांगतलं?"

"म्या चौकशी केली. मले तवाच समजत होतं, आई."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहून राह्यली होती."

आठ दिवसांनी अन्नपूर्णानं फोन लावला. नंबर तोच होता. "भेटाले येऊ का?" तिनं विचारलं. "या," तो म्हणाला.

गुरुवारी रजा टाकून ती वरवटला उतरली. जानराव स्टँडवर उभा होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, खाकी कपड्यांशिवाय तो लहानखुरा दिसत होता. हॉटेलातल्या बाकावर बसल्यावर तिनं सगळं सांगितलं, पायांचंही. सांगताना ती चहाच्या ग्लासाकडंच पाहत होती.

त्यानं आपला ग्लास बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "हे तवाच सांगतलं असतं तर मी बदली मागतली नसती."

"लाज वाटत होती."

"मले वाटलं, मीच नको होतो."

पाच वर्षं तो आपल्या घरी एकटा जेवत होता, आणि काजल सासरी गेल्यापासून ती आपल्या.

चारची गाडी लागली. तिला शेगावला उतरून मेहकरची गाडी धरायची होती. "शेगावपर्यंत येतो," म्हणत तोही चढला. स्टिअरिंगवर आज दुसराच ड्रायव्हर होता, तिकिटं दुसरंच कुणी काढत होतं. जानराव गाडीत पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसला. एका वळणावर त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि त्यानं तो मागं घेतला नाही.

शेगावला मेहकरची गाडी आधीच लागलेली होती. "सोमवारी येतो मेहकरले. काजललेही बोलवा," तो खिडकीखाली उभा राहून म्हणाला.

"हाव."

गाडी सुटली. तो लहान होत गेला, मग वळणाआड दिसेनासा झाला. तिला बेल वाजवून उतरावंसं वाटलं. सोमवारला अजून चार दिवस होते.