साय

सरोजिनीनं ताटावर आडवा हात धरला, तरी गिरजाबाईंनी तो बाजूला सारून सुनेच्या भातावर तुपाचा आणखी एक चमचा ओतलाच.

"खा बाय. डोक्याचं काम हाय तुजं."

सून रबाळ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करते, हे गिरजाबाई वाशीच्या नव्या सिडको इमारतीत प्रत्येक मजल्यावर सांगून आल्या होत्या. त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण अभिमान केवढा! आज सरोजिनीलाही सांगितल्यावाचून राहवेना.

"आई, अंड्यातल्या पिल्लाच्या मेंदूच्या पेशी मी बशीत वाढवते ना? एका बशीला चरबी काढून टाकलेलं खाणं दिलं. पेशीचं वरचं आवरण चरबीचंच असतं."

"मेल्या?"

"नाही ना! जिवंत आहेत, पण नुसत्या गोल पडून. शेजारच्या बशीतल्यांना लांब फांद्या फुटल्यात, एकमेकींना जाऊन भिडल्यात. यांना एकही नाही."

"बिचाऱ्या," गिरजाबाई कळवळून म्हणाल्या.

कोपऱ्यात गोधडीवर सरोजिनीची लेक काशी शांत पडली होती. वर्ष उलटलं तरी पोर बसत नव्हती. काही मुलं उशिरा शिकतात, असं दवाखान्यात म्हणाले होते. सरोजिनीनं ते लगेच मानलं होतं, कारण ऐकायला बरं वाटलं होतं.

"तूप छान झालंय. एवढं निघतं कुठून?"

"काशीच्या दुधातनं. बाळाला साय जड पडते. म्हनून सगळी काढून घेते, वर पानी घालते, मग पाजते. साय तुज्यासाठी."

सरोजिनीनं हातातला घास ताटात ठेवला.

"कधीपासून?"

"तू कामावर जायला लागलीस तवापास्नं."

सरोजिनी काशीकडे बघत राहिली. काशी मुठी मिटून छताकडे बघत होती. गिरजाबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग नातीकडे. त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"सरू, त्या बशीला मागनं चरबी दिली, तर फुटतात का गं फांद्या?"

सरोजिनीला ठाऊक नव्हतं. काम झालं म्हणून ती बशी तिनं आज निघतानाच फेकून दिली होती.