राबावरची माती

महिपतला त्या व्यवहारात मिळायचं होतं ते असं: पातेऱ्याचे, वाळक्या पानांचे, तीस भारे रानातून न आणता भाताची रोपं करायचा राब भाजून निघणार, बायकोचे गुडघे वाचणार, आणि वर ‘डोकं चालवलान हो’ अशी वाडीत वाहवा. वाडीतल्याच गुरुप्रसादला एवढंच हवं होतं, की त्याच्या पोफळीच्या आगरात माजलेलं लव्हाळ्याचं तण आगराबाहेर जावं. त्याने ते मुळासकट खोदून दोन टेम्पो महिपतच्या शेतात आणून ओतले. भाडंही त्यानेच दिलं. फुकट देणारा वर भाडं का भरतो, हा प्रश्न वाडीत फक्त महिपतच्या बायकोला, सावित्रीला पडला.

“अवो, वरचं गवत जाळा. मुळाची ढेकळं नको. गाठी आहेत त्यात.”

“आगीत काय उरतंय गो?”

“आग खाली. आणि ती धुमसत राहावी म्हणून माती घालता ती वर. वरची माती कधी जळलेली बघितलीत?”

“मग तू आण दुसरी माती डोक्यावरून!”

तिने आणली नाही. गुडघे नाही म्हणाले. महिपतने वाळला लव्हाळा खाली पसरला आणि त्याच ढेकळांची माती वर लोटली. राब असा धुमसला, की लोक बघून गेले.

जूनमध्ये सावित्रीने त्यात माहेरच्या लाल भाताचं बी पेरलं. गेल्या साली पीक आडवं झालेलं, कणगीत दोनच पायल्या उरलेल्या. त्या सगळ्या पेरल्या. माहेरी आता कोणी शेती करत नाही, सगळे विरारला. म्हणजे बी होतं ते एवढंच.

पंधरवड्यात राब हिरवागार. महिपत मिशीवर हात फिरवत बांधावर उभा. सावित्रीने वाकून एका रोपाचं बूड बोटांत फिरवलं. तिधारी लागलं. भाताचं बूड गोल असतं, तिधारी लव्हाळ्याचं. दुसरं, तिसरं, तेही तिधारी.

ती उपटायला बसली. पान हातात यायचं, गाठ मातीत राहायची, आणि दोन दिवसांत तिथे दोन कोंब. जोर लावला तर भाताचं रोपही उपटून यायचं. प्लास्टिक पांघरून ती रोज बसली. महिपत एकदाही म्हणाला नाही, की चुकलं. दोन दिवस तोही उपटायला आला, मग त्याची कंबर धरली.

लावणीला चार मुठी रोप निघालं, पिवळं. लावलं. त्याला लोंबी धरली नाही.

“वहिनी, दुकानात बियाणं मिळतं की,” गुरुप्रसाद म्हणाला.

“मिळतं. माझ्या आयशीने राखलेलं मिळतं काय?”

गुरुप्रसादचं आगर स्वच्छ झालं. महिपतने शेजाऱ्यांचं उरलेलं रोप आणून शेत भरलं, घरात तांदूळ आला. सावित्रीचे गुडघे गेले, आणि लाल भात आता कुणाकडेच नाही.