काकासाहेबांचे आठ दिवस

आडूळ ओलांडल्यावर बुद्धभूषणनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मोबाईल काढून याह्याच्या हातात दिला.

"दोन्ही फोटो नीट बघ."

पहिला फोटो याह्यानंच काढलेला होता, आपली पाळी संपवून बोट सोडताना. दुसरा बुद्धभूषणनं काढलेला, आपली पाळी सुरू करताना. मधले आठ दिवस काकासाहेबांचे. दोन्ही फोटोंत इंजिनाच्या तासांचं मीटर एकाच आकड्यावर उभं होतं.

"मीटर बंद पडलं असेल."

"माझ्या वेळेला बरोबर चाललं. आणि हे दुसऱ्यांदा झालंय."

याह्यानं फोटो मोठा करून पाहिला. "अन् तो तर मुरुडपर्यंत गेलो म्हणत होता. डॉल्फिन देखे बोल्या."

तिघांनी वाळूजच्या एकाच कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर कोकणातल्या एका खाडीत मासेमारीचा जुना ट्रॉलर विकायला असल्याचं कळलं. एकट्याला तो झेपणारा नव्हता, म्हणून तिघांनी मिळून घेतला. जाळी ओढायची यंत्रं काढून टाकली, मागं दोन बाकांची केबिन बांधली, शेगडी बसवली. याह्या-बुद्धभूषणच्या बजाजनगरात शेजारी हसले. समुद्र कुठं, तुम्ही कुठं! पण दर महिन्याला प्रत्येकाचे आठ दिवस ठरले आणि वर्षभर कुणाची तक्रार नव्हती.

बुद्धभूषणनं आवाज खाली आणला, जणू गाडीतही कुणी ऐकत होतं. "जेट्टीवरच्या राखणदाराला विचारलं. म्हणाला, साहेब येतात, सोबत एक बाई असते. दिवसभर केबिनचं दार लावलेलं असतं."

याह्यानं मोबाईल परत केला. मग म्हणाला, "भाड्यानं देत असेल. खोलीसारखी."

"किंवा आणखी काही. उद्या तिथं काही भलतंसलतं सापडलं, तर कागदावर तिघांची नावं आहेत."

डिझेलच्या वर्गणीवरून काकासाहेबांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं, हेही आता बुद्धभूषणला खटकू लागलं. न वापरलेल्या डिझेलचे पैसे कोण मुकाट्यानं देतं?

बेत साधा होता. पाचोडला काकासाहेबांच्या घरी जायचं. याह्यानं मोसंबीची बाग बघायच्या निमित्तानं काकासाहेबांना मळ्यात न्यायचं. बुद्धभूषणनं घरी थांबून काकासाहेबांच्या बायकोला, सरूवहिनींना, विचारायचं, त्या आठवड्यात तुम्ही कुठं होता?

पाचोडात बाजाराचा दिवस होता. काकासाहेबांच्या घरी तर बाजाराहून जास्त गलका. चार भाऊ, त्यांच्या सुना, नातवंडं, बाजाराला आलेले पाहुणे. काकासाहेब उठून सामोरे आले, दोघांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या त्या हातानं बुद्धभूषण अवघडला. याह्या त्यांना घेऊन मळ्याकडं गेला.

सरूबाईंनी चहा आणला. त्या बसतात न बसतात तोच आतून हाक आली. परत आल्या, तर धाकटी नात मांडीवर चढली. मग दीर डोकावला, चाव्या विचारून गेला.

"वहिनी, गेल्या महिन्यात काकासाहेब बोटीवर होते, तेव्हा तुम्ही इथंच होता ना?"

"नाय. जालन्याला बहिणीकडं गेल्ते."

उत्तर पटकन आलं. बुद्धभूषणला वाईट वाटलं. चाळीस वर्षांचा संसार केलेल्या बाईला हे आपल्या तोंडून कळणार. त्यानं कप खाली ठेवला.

"मग तुम्हाला एक सांगायलाच हवं. त्यांच्यासोबत तिथं कुणी बाई होती."

सरूबाईंचा हात नातीच्या केसांवर थांबला. त्यांनी 'कोण बाई' असं विचारलं नाही. नातीला खाली उतरवून बाहेर पाठवलं. खोलीला दार नव्हतं, पडदा होता. तो सरळ करून त्या परत येऊन बसल्या.

"राखणदारानं सांगितलं व्हय?"

"हो."

"त्यानं तोंड कुठं बघितलं? मी तर पदर घेतलेला."

"म्हणजे, ती तुम्हीच?"

"जालन्याचं नाव सांगून जाते. घरात कुणाला ठावं नाय भाऊजी," त्या खालमानेनं म्हणाल्या. "सुना हसतील. म्हातारपणी हे काय, म्हणतील."

"अहो, पण मग बोट बाहेर का काढत नाही? इंजिनाला हातसुद्धा लावत नाही."

"त्याचा आवाज लई. ह्यांचं बोलणं ऐकू येत नाय." त्या जरा थांबल्या. "लग्न होऊन आले तवापासून ह्या घरात आमी दोघं कदी नीट बोललोच नाय. इथं दार लावायची सोय नाय. तिथं कडी लावली की ह्यो माणूस बोलतच ऱ्हातो. ल्हानपणचं, कारखान्यातलं. तुमचंबी सांगतो."

"माझं?"

"तुमी दोघांनी ह्यांच्या नोकरीसाठी तीन दिवस उपाशी राहून कारखान्याचं गेट अडवलं, ते. मला ठावंच नव्हतं."

आतून पुन्हा हाक आली. सरूबाई उठल्या, डोळ्याला पदर लावला आणि पडद्याआड गेल्या.

मळ्यातून दोघं आले तेव्हा बुद्धभूषण ओसरीवर चप्पल घालत होता. काकासाहेबांनी मोसंब्यांची पिशवी गाडीत ठेवली. "पुढच्या टायमाला मी अलिबागकडं जायचं म्हणतोय," ते उगाचच म्हणाले.

"जा की," बुद्धभूषण म्हणाला. "वारा बघून जा."

गाडी हायवेला लागल्यावर याह्यानं विचारलं.

"कोण होती?"

"कुणी नाही. राखणदारानं भलतंच सांगितलं."

"अन् मीटर?"

बुद्धभूषणनं पुढच्या ट्रककडं नजर ठेवली. "माझीच बघण्यात चूक झाली असेल."

अठ्ठावीस वर्षं देखभाल विभागात काढलेल्या या माणसाकडून आकडा वाचण्यात कधी चूक झाली नव्हती, हे याह्याला पक्कं माहीत होतं. त्यानं मान वळवून मित्राकडं बराच वेळ पाहिलं.

"कितने में खरीदा रे तेरेको?"

बुद्धभूषणनं काच खाली केली आणि ट्रकला ओलांडून गाडी पुढं काढली.